वाचकांचे प्रश्न : स्मार्ट मीटर, दुरून घेतलेलं रीडिंग आणि आपली संमती

प्रश्न : आम्ही वावरात असताना घराबाहेरच्या भिंतीवरचं मीटर बदलून गेले. कोणाची सही घेतली नाही. आता रीडिंगला कोणी येत नाही, ते परस्पर जातं म्हणतात. आमच्या संमतीशिवाय हे चालतं का? (एक वाचक, आर्णी तालुका)

उत्तर : रीडिंग दुरून घेण्यासाठी तुमच्या वेगळ्या संमतीची अट नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार पुरवठा मीटरमधूनच द्यायचा असतो. मीटर कोणत्या प्रकारचं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांवरून आणि त्यांच्या पुढच्या दुरुस्त्यांवरून ठरतं. डिसेंबर २०२० चे वीज ग्राहक हक्क नियम, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, सांगतात की स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून एकदा तरी दुरून घ्यावं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की वापराची माहिती वेबसाइट, अॅप किंवा एसएमएसने ग्राहकाला मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर मागा. तो तुमचा हक्क आहे.

प्रीपेडची गोष्ट निराळी. वीज कायद्याचं कलम ४७(५) म्हणतं की जो ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार आहे, त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. ‘तयार आहे’ या शब्दांतच ग्राहकाची इच्छा आली, असं आमचं मत आहे. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. त्यानंतर घरोघरी लागतंय ते पोस्टपेड स्मार्ट मीटर. म्हणून सहीसाठी कागद पुढे आला तर त्यात ‘प्रीपेड’ शब्द आहे का ते आधी पाहा, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

आवारात येण्याआधी रहिवाशाला कळवायचं, असं कलम १६३ सांगतं. मात्र दार अडवून बसण्याचा सल्ला आम्ही देणार नाही, कारण त्याच कलमाखाली २४ तासांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो.

तुमचं खरं नुकसान सहीत नाही, जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्यात आहे. उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन मीटर बदली अहवालाची प्रत मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अहवालात जुन्या-नव्या मीटरचे क्रमांक, दोन्हींची रीडिंग, तारीख आणि सीलचे क्रमांक हवेत. बिलात जुन्या मीटरचा वापर अधिक नव्याचा वापर अशी बेरीज जुळवून पाहा. ४५२१.६ हा आकडा दशांश चिन्ह सुटून ४५२१६ असा चढला, तर बिल हजारोंत जातं. आकड्यावर शंका असेल तर जुनं मीटर भंगारात जाण्याआधीच त्याच्या चाचणीची मागणी करा. ज्यांच्याकडे मीटर अजून बदलायचं आहे त्यांनी जुन्या मीटरचा क्रमांक आणि आकडा एकाच फोटोत येईल असा फोटो आजच काढून ठेवावा.

प्रश्न : नवीन मीटर लागल्यापासून बिल जवळजवळ दुप्पट येतं. वापर तोच आहे. मीटर जोरात पळतं का? (एक वाचक, मेहकर तालुका)

उत्तर : मीटरला दोष देण्याआधी घरच्या घरी दोन तपासण्या करा.

पहिली : मेन स्वीच बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटं पाहा. तो लुकलुकायला नको. लुकलुकला तर वायरिंगमध्ये घोळ आहे, आणि खेड्यात तो बहुतेकदा न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, असतो. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, मीटर दोन झाले, पण मधल्या भिंतीतलं वायरिंग जुनंच राहिलं आणि न्यूट्रल एकत्र. स्मार्ट मीटर फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतं आणि जो जास्त असेल तो धरतं. भावाच्या कूलरचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परतला, तर तुमच्या घरात एक दिवा न लावताही तुमच्या मीटरवर युनिट चढतात. तेच युनिट भावाच्या मीटरवरही चढतात. फक्त फेज मोजणाऱ्या जुन्या चाकाच्या मीटरला हे दिसतच नव्हतं. किटकॅट (फ्यूज) काढलं तर फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून ही तपासणी शेजारचा कूलर चालू ठेवून करा. घोळ सापडला तर परवानाधारक वायरमनकडून दोन्ही घरांचे न्यूट्रल वेगळे करून घ्या, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्वीच बसवा.

न्यूट्रलऐवजी अर्थिंग वापरण्याची सवयही सोडा. ती जिवावर बेतते. शिवाय फेज आणि न्यूट्रलमधला फरक मीटर तारीख-वेळेसह नोंदवून ठेवतं, आणि मग तपासणीचं पथक येतं.

दुसरी : मीटरवर एका युनिटला किती लुकलुक, ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कूलर चालवा. कूलर २०० वॉटचा असेल तर मिनिटाला दहा-अकरा वेळा दिवा लुकलुकेल. वीस-बावीस वेळा लुकलुकला तर मीटरची चाचणी मागायला आधार आहे. हाच कूलर मे महिन्यात रोज २० तास चालला तर रोजचे ४ आणि महिन्याचे १२४ युनिट होतात, आणि त्या भरीने बिल वरच्या, महाग दराच्या टप्प्यात जातं. म्हणून एप्रिल-मेच्या बिलाची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

दोन्ही तपासण्यांनंतरही शंका उरली तर लेखी तक्रार करा. ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत पडताळणीसाठी जोड मीटर लावायचं आणि ते किमान तीन महिने ठेवायचं असतं. अर्जात हा नियम लिहा, तोंडी सांगून उपयोग होत नाही.

प्रश्न : वेचणीच्या दिवसांत आमचं घर दिवसभर बंद असतं. ते मीटरवरून कोणाला कळू शकतं का? (एक वाचक, वरोरा तालुका)

उत्तर : कळू शकतं. मीटर फक्त महिन्याचा आकडा ठेवत नाही, दर अर्ध्या किंवा पाव तासाचा वापर साठवतं. सकाळी आठला पंखा बंद झाला आणि सहाला दिवा लागला, हे त्या नोंदीत उघड दिसतं. बोलणं किंवा चित्र मात्र मीटर टिपत नाही, ती अफवा आहे. बिलासाठी ही माहिती वापरणं वेगळं, आणि ती तिसऱ्या कोणाला देणं वेगळं. दुसऱ्यासाठी तुमची संमती हवीच, असं आम्ही ठामपणे मानतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर एवढं सांभाळा : मीटर बसवायला ओटीपी लागतो असं कोणी फोनवर म्हणाला तर तो देऊ नका, आणि अॅपचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती ठेवू नका.

प्रश्न : आमच्या गावात मोबाइलची रेंज नाही. मग रीडिंग जातं कसं? (एक वाचक, धारणी तालुका)

उत्तर : रेंज नसली तरी मोजणी थांबत नाही. आकडे मीटरमध्येच साठतात आणि संपर्क झाला की जातात. तसं न झाल्यास सरासरी बिल येतं. अशा वेळी दर महिन्याच्या एकाच तारखेला स्वतः आकड्याचा फोटो काढा. दोन महिन्यांचे १८० युनिट एकदम आले आणि ते एकाच महिन्याचे धरले, तर ८० युनिट शंभरच्या वरच्या महाग दरात जातात. दोन महिन्यांत विभागले तर ९०-९० होऊन सगळे पहिल्याच टप्प्यात बसतात. ही विभागणी बिलात दिसत नसेल तर दुरुस्ती मागा.

प्रश्न : बिल थकलं की आता ऑफिसात बसून लाइन कापतील का? (एक वाचक, कुरखेडा तालुका)

उत्तर : मीटरमध्ये तसा स्वीच असतो, पण कायदा बदललेला नाही. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार पोस्टपेड ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरा. वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. तक्रार १९१२ वर नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जा. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो.