टाके बाहेरचे, जखम आतली

प्रश्न : आमच्या सव्वा वर्षाच्या कुत्रीची नसबंदी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. आधी काय तयारी करायची? आणि जखम भरतेय की बिघडतेय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी तारीख तपासा. ती माजावर असेल किंवा नुकतीच येऊन गेली असेल, तर डॉक्टरांना आजच कळवा. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. तातडी नसेल तर माज सरल्यावर दोन-तीन महिने थांबणं बरं.

आदल्या रात्री जेवण द्या, मग काही नाही. पाणी सहसा सकाळपर्यंत चालतं. नेमके तास डॉक्टरांना विचारा. भुलीत गिळण्यावरचा ताबा सुटतो. त्यात उलटी झाली तर अन्न फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. सकाळी तिने चुकून काही खाल्लं तर लपवू नका. ऑपरेशन पुढे गेलं तरी बिघडत नाही. लहान पिल्लांना मात्र एवढा उपवास सोसत नाही, त्यांची साखर झटकन उतरते.

पहिल्या रात्री ती गुंगीत असेल, थंडीने कुडकुडेल. अंथरूण जमिनीवरच घाला, उबदार ठेवा. जेवण निम्म्याहून कमी द्या.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. ती शेपूट हलवत दाराशी उभी राहते, आणि घरच्यांना वाटतं, झाली बरी! पण कातडीखाली पोटाच्या भिंतीचे टाके असतात, आणि आतड्यांचा भार त्यांच्यावरच असतो. एका उडीत ते सुटले तर आतडं बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हणून 10 ते 14 दिवस फिरणं पट्ट्यानेच. जिना, सोफा, अंघोळ बंद. गळ्यातली कोन-कॉलर (जखम चाटता येऊ नये म्हणून घालायचा शंकूसारखा पट्टा) नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटीमीटर यायला हवी. आखूड असली तर जीभ टाक्यांपर्यंत पोचतेच. 'बिचारी कंटाळली' म्हणून रात्री काढून ठेवू नका. टाके चाटून उसवतात ते बहुधा तेव्हाच.

जखम रोज दोनदा, चांगल्या उजेडात बघा. शक्यतो एकाच अंतरावरून फोटो काढा, म्हणजे कालच्याशी ताडून बघता येतं. कडा जुळलेल्या, किंचित लालसर, थोडं काळंनिळं, टाक्यांखाली लहानशी टणक गाठ, इतपत ठीक. पू, वास, थेंबथेंब रक्त, उघडलेली फट, वाढत जाणारी मऊ सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवा. ओठ उचलून हिरड्या बघायची सवय लावून घ्या. गुलाबी हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि ती मलूल असली, तर आतून रक्त जात असू शकतं. तिथे तासभरही थांबू नका.

प्रश्न : बोक्याची नसबंदी झाली. तो दुखण्याने कण्हतोय. घरातली गोळी चालेल?

उत्तर : मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच, त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या. बोक्याची जखम बहुधा टाक्यांविना उघडी ठेवलेली असते, त्यात वाळूचे कण अडकतात. काही दिवस ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेला कागद घाला. आणि त्याला महिना-दीड महिना माद्यांपासून दूर ठेवा, कारण आधीचे शुक्राणू नलिकांमध्ये उरलेले असतात. पुढे वजनावर लक्ष ठेवा. नसबंदीनंतर अन्नाची गरज 20 ते 30 टक्क्यांनी घटते, भूक मात्र वाढते.