विचारा, सांगते : पूडलची पिल्लं, कुलरचा वारा आणि बारा तोळ्यांचा ऐवज

मागच्या अंकात आमच्या पूडल कुत्रीच्या, चंद्रीच्या बाळंतपणाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर पूडललाच देते. मांजरवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : आमच्या टॉय पूडलला पाच दिवसांपूर्वी चार पिल्लं झाली. तीन छान पितात. चौथं सगळ्यात बारकं. जन्मलं तेव्हा ११८ ग्रॅम होतं, आज ११२ भरलं. सारखं चिरकतं. सासूबाई म्हणतात, कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजा. डॉक्टर म्हणाले, थोडी वाट बघू. इथे ऊन फार, म्हणून खोकं कुलरसमोरच ठेवलंय, आईला तेवढंच बरं वाटतं. काय करू?
– एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, आधी उठा आणि ते खोकं कुलरसमोरून हलवा. पत्र नंतर वाचा.

हलवलंत? आता सांगते. खान्देशातल्या एप्रिलमध्ये कुणाला गारठा होईल असं आपल्याला स्वप्नातसुद्धा वाटत नाही. पण नवजात पिल्लाला पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर धड कुडकुडताही येत नाही. त्याला पहिला आठवडा २९ ते ३२ अंशांची ऊब लागते, आणि तुम्ही त्याच्या अंगावर रात्रभर जमिनीलगतचा ओला वारा सोडलाय. तीन दांडगी पिल्लं आईच्या कुशीत घुसून निभावतात. बारकं ढकललं जातं. ढकललं की गार पडतं, गार पडलं की त्याला चोखायचं बळ राहत नाही, आणि प्यायलं नाही की आणखी गार. वर आईसुद्धा गार पिल्लाला नाकानं बाजूला सारते. तिचा राग धरू नका.

हात स्वच्छ धुवा आणि करंगळी पिल्लाच्या तोंडात घाला. आत ऊब असेल आणि ते बोट घट्ट ओढत असेल तर ठीक. तोंड गार आणि जबडा ढिला लागला, तर दुधाचं नावही काढू नका. गार पिल्लाचं आतडं चालत नाही, पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं. आधी ऊब. पदराखाली, अंगाला लावून धरा, तास-दोन तासांत हळूहळू गरम होऊ द्या. घाईनं शेकू नका. मग मागच्या आचळाला लावा, तिथे दूध जास्त असतं, आणि तिथून त्याला कुणी हुसकू नये म्हणून दहा मिनिटं शेजारी बसा.

हे मला कुणी शिकवलं नाही, एक पिल्लू घालवून शिकले. आमचं पहिलं लिटर, म्हणजे एका वेतातली पिल्लं, डिसेंबरातलं. जळगावात तेव्हा पहाटे हात बाहेर काढवत नव्हता. रात्री दोनला एक पिल्लू चिरकत होतं. मला वाटलं, भुकेलंय. गायीचं दूध कोमट केलं, तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि चमच्यानं पाजलं. तिसऱ्या थेंबाला त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. सकाळी ते नव्हतं. भूक नव्हतीच ती, थंडी होती. आणि उताणं पाजल्यानं दूध फुप्फुसात गेलं. पाजायची वेळ आलीच तर पिल्लू पोटावर हवं, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. शेळीचं दूधही नको. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गायी-शेळीच्या दुपटीच्या आसपास असतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते ती आणा, आणि किती, कशी द्यायची ते डॉक्टरांकडून हातानं करून दाखवून घ्या.

त्या सकाळी सासरे काही बोलले नाहीत. आमचं सोन्या-चांदीचं छोटं दुकान. संध्याकाळी ते जुना काटा घरी घेऊन आले, पारड्यात फडकं घातलं आणि उरलेली दोन पिल्लं एकेक करून तोलली. दुकानाच्या लाल वहीत एका पानावर तारखा, पुढे दोन रकाने. एक भरलं १२० ग्रॅम. म्हणाले, "बारा तोळ्यांचा ऐवज आहे, रोज मोजायचा." तेव्हापासून आमच्याकडे पिल्लू डोळ्यांनी जोखत नाहीत. दिसायला गुटगुटीत आणि काट्यावर घटलेलं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

तुमच्या आकड्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं, एक दशांशापर्यंत. पण रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के भर पडायला हवी, आठ-दहा दिवसांत दुप्पट. पाचव्या दिवशी जन्मवजनाच्या खाली असणं म्हणजे वाट बघायची वेळ सरली. आजच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि तोंडातली टाळू तपासायला सांगा. टाळूला चीर असली तर पिल्लू ओढतंय असं दिसतं, पण दूध नाकावाटे बाहेर येतं.

कुलर बंद करा असं नाही म्हणत, आईनं मरावं का? खोली गार राहू द्या, वारा खोक्यावर येऊ देऊ नका. थर्मामीटर भिंतीवर न लावता खोक्यात, पिल्लांच्या उंचीला ठेवा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच कोपऱ्यात, म्हणजे ज्याला नको ते सरकेल. पिल्लं एकमेकांवर ढीग करून चिरकत असतील तर गारठलीत. पांगून, तोंड उघडी टाकून पडली असतील तर उकडतंय. आणि नुसती एकमेकांना टेकून, झोपेत फुरफुरत पाय झटकत असतील, तर तुम्हीही झोपा.

प्रश्न : काळी कुळकुळीत म्हणून दोन महिन्यांची मिनिएचर पूडल घेतली. पहिल्यांदा तोंडाचे केस काढले तर आतून राखाडी निघाली! केस रंगवून विकली का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : कुणी फसवलं नाही, उलट तुमच्याकडे सिल्व्हर पूडल आहे. सिल्व्हर पूडल जन्मतात काळ्याच. सहा-सात आठवड्यांची झाली की तोंडावरून आणि पंज्यांवरून पहिल्यांदा मशीन फिरवायचं, तेव्हा गुपित फुटतं. चंद्रीच्या वेळी मी तिला मांडीवर घेतलं होतं. मशीनच्या आवाजानं ती शिंकली, काळा पुंजका माझ्या साडीवर पडला, आणि खालून चिंचेनं घासलेल्या समईसारखी पट्टी निघाली. तेव्हाच नाव ठरलं. बाकी अंग मागाहून उजळतं, मुळाकडून. पुरता रंग यायला दीड-दोन वर्षं लागतात. मधल्या काळात कुत्रं अर्धवट पोतलेल्या भिंतीसारखं दिसतं. अमळनेरकडच्या आमच्या जाऊबाई त्याच दिवसांत आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "हाई मेंढरू शे का कुत्रं?"

तपकिरी पूडलही पुढे फिक्या पडतात. रंगावर जीव लावून पूडल घेऊ नये.

प्रश्न : आमची पूडल आठ महिन्यांची, पहिल्यांदाच माजावर आलीय. एकदा तरी आई व्हावी म्हणतात. नर ओळखीतला आहे. कितव्या दिवशी न्यावी?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : नेऊ नये. ती स्वतःच अजून पिल्लू आहे. एकदा व्यायल्यानं कुत्रीची तब्येत सुधारते, हे आपण रचलेलं पुराण. पुढे खरंच करायचं असेल तर दीड-दोन वर्षांची होऊ द्या, दोघांचे गुडघे आणि डोळे तपासून घ्या. पूडलमध्ये वाटी सरकणं आणि हळूहळू आंधळेपण येणारा डोळ्यातल्या पडद्याचा आजार, दोन्ही वारशानं येतात. "ओळखीतला" ही काही तपासणी नव्हे. करायचं नसेल तर नसबंदी. म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याची भीती टळते.

प्रश्न : पूडल गाभण आहे. ताकद यावी म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू करू का?
– एक वाचक, यावल

उत्तर : मनानं नको. गाभणपणी बाहेरून कॅल्शियम ओतलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि दूध सुरू झाल्यावर नेमकं कमी पडतं. व्यायल्यावर दोन ते चार आठवड्यांत लहान जातीच्या कुत्रीचे पाय ताठ झाले, अंग थरथरू लागलं, ती धापा टाकत बेचैन फिरू लागली, तर पिल्लं तिच्यापासून काढा आणि मध्यरात्र असली तरी डॉक्टरांचं दार वाजवा. हे उन्हानं झालं असेल म्हणून ओलं फडकं घालत बसू नका.

प्रश्न : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येतेय. तिला पूडलचं पिल्लू द्यायचंय. तेव्हा ते पाच आठवड्यांचं असेल. विकणारे तयार आहेत. चालेल ना?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : विकणारे तयार आहेत हेच मला खटकलं. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणीचा कागद मागून बघा, चेहरा कसा होतो ते कळवा.

नियम बाजूला ठेवला तरी पाचवा ते आठवा आठवडा म्हणजे पिल्लाची बालवाडी. मागच्या लिटरमध्ये आमच्या काजूला बहिणीचा कान लागायचा. त्यानं जोरात चावलं की ती किंचाळून उठायची, आईजवळ जाऊन बसायची. खेळ बंद. काजू थोडा वेळ एकटा बसायचा, मग जाऊन तोच कान चाटायचा. आठवडाभरात त्याचे दात हलके झाले. पाचव्या आठवड्यात उचलून नेलेल्या पिल्लाला हा धडा तुमच्या नातवाच्या बोटांवर गिरवावा लागतो. शिवाय पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. त्याआधी पार्व्होचा विषाणू घरात शिरला तर पिल्लू हाती लागत नाही.

लेकीला मात्र नाराज करू नका. आखाजीला तिला पिल्लाकडे घेऊन जा, चपला बाहेर काढा, हात धुवा, आई ओळखीची होऊ द्या, मग खोक्याशी बसवा. जाताना तिनं दोन रात्री उशाशी घेतलेलं जुनं सुती फडकं न्यायचं आणि पिल्लांच्या अंथरुणात ठेवून यायचं. तीन आठवड्यांनी पिल्लू आणाल तेव्हा ते फडकं त्याच्यासोबत आणा. वास कितीही येवो, महिनाभर धुवायचं नाही.