‘चिरडीस आणू नका’ म्हणजे नेमके काय?

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील पहिली चार वचने मुलांकडून पाठ करून घेताना ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ या वाक्याशी वर्ग दरवेळी अडतो. मुले ‘चिरडणे’ या क्रियापदाचा अर्थ लावतात, आणि पालकांपैकी बरेच जणही ‘मुलांना चिरडून टाकू नका’ असेच समजतात. हा अर्थ बरोबर आहे का, त्याआधीच्या ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ या वचनाशी त्याचा मेळ कसा बसतो, आणि ‘बापांनो’ या हाकेत आया येतात की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

अर्थ बरोबर नाही, आणि ते वाक्याच्या बांधणीवरूनच दिसते. ‘चिरडणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ ‘चिरडू नका’ असा होईल. येथे क्रियापद ‘आणणे’ हे आहे आणि ‘चिरडीस’ हे ‘चिरड’ या स्त्रीलिंगी नामाचे चतुर्थीचे रूप आहे. जेरीस आणणे, रडकुंडीस आणणे, मेटाकुटीस आणणे या वाक्प्रचारांची घडण अशीच आहे. अमुक एका अवस्थेपर्यंत दुसऱ्याला नेऊन पोहोचवणे, हा त्या सर्वांचा गाभा. चिरड म्हणजे चीड, संताप. पण साधा राग नव्हे. मोठा भाऊ धाकट्याचा ठोकळ्यांचा मनोरा हळूच पाडतो, धाकटा पुन्हा रचतो, भाऊ पुन्हा पाडतो आणि वर हसतो. चौथ्या खेपेला धाकटा ना धड रडतो ना मारतो, तोंड लाल करून पाय आपटतो आणि आपलेच ठोकळे भिरकावून देतो. तो चिरडीस आला. रागाबरोबर त्यात हतबलता असते, समोरचा आपल्यापेक्षा बलवान आहे आणि आपले काही चालत नाही याची जाणीव असते. म्हणूनच हा शब्द मुलांच्या संदर्भात इतका अचूक बसतो.

मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले तरी हेच निघते. इफिसकरांस पत्राच्या ६:४ मधील क्रियापद ‘पारोर्गीझो’ आहे, ज्यात ‘ओर्गे’ म्हणजे राग हा शब्द सरळ दिसतो. त्याच पत्राच्या ४:२६ मध्ये, जेथे सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडण्यास सांगितले आहे, तेथे याच क्रियापदापासून झालेले नाम आले आहे. पौलाच्याच कलस्सैकरांस पत्राच्या ३:२१ मध्ये बापांना हाच उपदेश आहे, पण तेथे ‘एरेथीझो’ म्हणजे डिवचणे, चेतवणे असे वेगळे क्रियापद आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:२) पौलाने तेच क्रियापद चांगल्या अर्थाने, एकाच्या उत्साहाने इतरांना चेव आला अशा अर्थी, वापरले आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी बायबलमध्ये बापांना उद्देशून असलेल्या दोन्ही वचनांना ‘चिरडीस आणू नका’ हा एकच वाक्प्रचार दिलेला आहे, आणि माझ्या मते ती निवड उत्तम आहे, कारण त्यात राग आणि डिवचणे हे दोन्ही येतात. कलस्सैकरांस पत्रात पुढे कारणही दिले आहे: नाहीतर मुले खिन्न होतील, म्हणजे त्यांची उमेदच जाईल.

चुकीच्या अर्थाने केवळ भाषेचे नुकसान होत नाही. ‘चिरडून टाकू नका’ असे वाचणारा बाप स्वतःला सहज मोकळा करून घेतो, कारण आपण मुलांना मारझोड करत नाही, त्यांना चिरडत नाही, याची त्याला खात्री असते. खरा अर्थ त्याला सोडत नाही. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत मुलगा वचन वाचताना ‘कलस्सैकरांस’ या शब्दावर अडखळतो, वडील हसतात, पाहुण्यांसमोर चुलतभावाचे वाचन किती स्वच्छ आहे ते सांगतात, पुन्हा वाचायला लावतात, पुन्हा हसतात. शेवटी मुलगा पुस्तक आपटून उठतो आणि वडील म्हणतात, ‘आईबापांचा मान राख, असे वचन आहे.’ येथे कोणी कोणाला चिरडलेले नाही, चिरडीस मात्र आणलेले आहे, आणि ज्या वचनाने मुलाला दटावले त्याच उताऱ्यातले दुसरे वचन वडिलांनी मोडलेले आहे.

यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पौल प्रथम मुलांशी बोलतो, तेही त्यांच्या आईबापांमार्फत नव्हे, थेट. ‘मुलांनो’ म्हणून हाक मारतो आणि दहा आज्ञांपैकी पाचव्या, म्हणजे आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचा (कॅथलिक मोजणीत ती चौथी) हवाला देतो. त्या आज्ञेतील ‘मान राख’ यामागचे इब्री (हिब्रू) क्रियापद ज्या धातूचे आहे त्याचा मूळ अर्थ ‘जड असणे’ असा आहे. शब्दाला वजन असणे, असे आपणही म्हणतोच. आईबापांच्या शब्दाला घरात वजन असावे, ही अपेक्षा पौल कोठेही सैल करत नाही. पण रोमी कायद्यात पित्याची मुलांवरील सत्ता तो जिवंत असेपर्यंत, मुले प्रौढ झाल्यावरही, चालू राहत असे. अशा जगात त्याच दमात बापालाही मर्यादा घालून देणे ही लहान गोष्ट नव्हती. ख्रिस्ती घरात आईबापांना अधिकार आहे, पण तो देवाकडून मिळालेला आणि देवाला जाब देणारा अधिकार आहे. मुलांना पहिली तीन वचने घोकायला लावून चौथ्यापाशी थांबणारे पाठांतर मला म्हणूनच खटकते.

वर्गात पर्यायी शब्द कोणता द्यावा? ‘चिडवू नका’ फार हलके होते, त्यात खेळकरपणाही चालतो. ‘राग आणू नका’ फार व्यापक होते. रात्री दहाला मोबाइल काढून घेतला तर मुलाला राग येणारच, आणि तो येऊ नये म्हणून नियमच सोडून द्यावा असे पौल सांगत नाही, कारण पुढच्याच शब्दांत तो प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवण्यास सांगतो. ठरलेला, कारण सांगितलेला आणि रोज सारखाच असलेला नकार मुलाला फक्त राग आणतो. आज चालते, उद्या त्याच गोष्टीवरून टोमणे, परवा दिलेला शब्द मोडणे, हे त्याला चिरडीस आणते. आजच्या बोलीत ‘त्रागा’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो: ‘मुलांना त्रागा करावा लागेल असे वागू नका.’ पाठांतर मात्र छापील शब्दांचेच ठेवावे, कारण ‘चिरडीस येणे’ हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यातून मागे पडत चाललेला आहे आणि मुलांच्या कानावर तो या वचनांतून तरी पडतो.

राहिला ‘बापांनो’. ग्रीकमध्ये ‘पातेरेस’ हा शब्द आहे, आणि इब्री लोकांस पत्राच्या ११:२३ मध्ये मोशेला तीन महिने लपवून ठेवणाऱ्या त्याच्या आईबापांना मिळून हाच शब्द लावलेला आहे. पौलाचा रोख त्या काळी सत्ता ज्याच्या हाती असे त्या पित्याकडे असावा, परंतु शब्दाच्या अंगाने पाहता आयांना वगळण्याचे कारण नाही, आणि पालकसभेत हे वचन दोघांसमोर वाचण्यास काहीच हरकत नसावी.