वाचक विचारतात: सासूबाईंना सरकारी ‘पायलट’मध्ये घालावं का?

प्रश्न: ताई, सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. आता रात्री उठून दार उघडतात, मला कधीकधी ‘वन्सं’ म्हणून हाक मारतात. न्यूरॉलॉजिस्टच्या ऑफिसमधून मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, ‘गाईड’ नावाच्या पायलट (चाचणी) योजनेत नाव घालायला सुचवलंय. ह्यांचं म्हणणं, आईवर प्रयोग नको. आणि पायलट उद्या बंद पडला तर? तुम्ही ज्येष्ठांच्या डे केअरमध्ये काम करता, म्हणून विचारते.
– एक सून, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: नाव घाला. का ते सांगते. तुमच्या यजमानांनाही वाचायला द्या.

प्रयोग आहे हे खरं, पण तो सासूबाईंवर नाही. नवं औषध नाही, इंजेक्शन नाही. सरकारने पैसे कशाचे मोजायचे, यावरचा हा प्रयोग आहे. एरवी मेडिकेअर डॉक्टरच्या भेटीचे, एमआरआयचे, हॉस्पिटलचे पैसे देतं. पण रात्री दोनला त्या चपला घालून ‘मला सांगलीला जायचंय’ म्हणत दारात उभ्या राहिल्या, तर तुमचा फोन उचलायचे वेगळे पैसे सहसा कुणाला मिळत नाहीत, म्हणून तो सहसा कुणी उचलतही नाही. ‘गाईड’मध्ये संस्थेला दर पेशंटमागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते. त्या बदल्यात तिने एक नेव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा हक्काचा माणूस, नेमून द्यायचा, चोवीस तास फोनवर हजर राहायचं, औषधांची यादी तपासायची, घरच्यांना शिकवायचं. १ जुलै २०२४ ला हे सुरू झालं आणि आठ वर्षं चालायचं आहे. या सेवांना को-पे, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा, नाही. नाव घालायची सक्ती नाही आणि नको वाटलं तर काढताही येतं.

आधी सासूबाई डॉक्टरकडे कुठलं कार्ड दाखवतात ते बघा. लाल-पांढरं-निळं साधं मेडिकेअर हवं, पार्ट ए (हॉस्पिटलचा) आणि पार्ट बी (डॉक्टरचा) दोन्ही. आपल्याकडच्या मेळ्यांत स्टॉल लावून बसलेले एजंट ‘दात फुकट, चष्मा फुकट’ म्हणत आजी-आजोबांची सही घेतात आणि त्यांचं मेडिकेअर ‘ॲडव्हान्टेज’मध्ये, म्हणजे खासगी कंपनीच्या योजनेत, जातं. तसं झालं असेल तर ‘गाईड’ मिळत नाही. परत यायला ठरावीक मुदत असते: १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, नाहीतर जानेवारी ते मार्च. मात्र परतताना मेडिगॅप (साध्या मेडिकेअरमधून सुटलेला खर्च भरणारी पुरवणी) पॉलिसी मिळेल का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. ‘गाईड’साठी म्हणून बाकीचं घर उसवू नका.

आता खास तुमच्यासाठी. सुरुवातीला तपासणी होते तेव्हा आजार किती पुढे गेलाय एवढंच बघत नाहीत, काळजी घेणाऱ्यावर ताण किती, हेही मोजतात. त्यावर कोणत्या स्तरात बसवायचं ते ठरतं. प्रश्नावली समोर ठेवतात: ‘स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का?’ ‘कधी राग येतो का?’ आणि आपल्या बायका काय उत्तर देतात? शेजारी नवरा बसलेला, पलीकडे सासूबाई. ‘नाही नाही, चालतंय की.’ मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. बाई, तिथे खरं सांगा. हवं तर एकटीने बोलायला वेळ मागून घ्या. सोसण्याचे मार्क तिथे मिळत नाहीत, उलटे कापले जातात.

आजार मधल्या किंवा पुढच्या टप्प्यात असेल तर काळजी घेणाऱ्याच्या विसाव्यासाठी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सोय होते. पैसे तुमच्या हातात येत नाहीत. घरी माणूस येतो किंवा सासूबाई डे केअरला जातात. घरी येणाऱ्या बाईचे तासाला ३५ डॉलर धरले तर साधारण ७१ तास झाले. म्हणजे आठवड्याला दीड तासही नाही. म्हणून सुटे-सुटे खर्चू नका. लेकीचं ग्रॅज्युएशन, तुमचं ऑपरेशन, अशा वेळी सलग वापरा.

डे केअरला घालणार असाल तर पहिले काही दिवस त्या व्हॅनमध्ये चढायचं नाव काढणार नाहीत. ‘मला कुठे टाकून येताय?’ हे ऐकायची तयारी ठेवा. आमच्याकडे एक आजी सकाळभर पर्स कवटाळून दाराशी उभ्या राहायच्या. एकदा स्वयंपाकघरातल्या मुलीने त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवली. आजी बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि पानं खुडायला लागल्या. मुळं एकीकडे, पिवळी पानं एकीकडे. तेव्हापासून आम्ही त्यांच्यासाठी रोज काहीतरी निवडायला ठेवतो. तुमच्या सासूबाईंच्या हातांना कशाची सवय आहे ते केंद्रात पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. जेवण बहुतेक ठिकाणी गुजराती पद्धतीचं असतं, त्यामुळे आमटीत साखर आहे ही तक्रार घरी येईलच. येऊ द्या.

पायलट बंद पडला तर? पडू शकतो. हे पायलट चालवणारं मेडिकेअरचं इनोव्हेशन सेंटर २०१० च्या कायद्याने झालं, आणि दर दहा वर्षांना १,००० कोटी डॉलर त्याच्या हाती असतात. कायद्याची अट सरळ आहे: दर्जा न घसरता खर्च कमी झाला, किंवा खर्च न वाढता दर्जा सुधारला, तरच योजना देशभर न्यायची. त्या चाळणीतून आजवर बोटांवर मोजण्याइतक्याच योजना पार झाल्या. पहिल्या दहा वर्षांत या सेंटरने सरकारचा खर्च वाचवण्याऐवजी ५४० कोटी डॉलरने वाढवला, असा हिशेब अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) बजेट ऑफिसने २०२३ मध्ये मांडला.

तरी मी प्रयोगांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आपल्याच न्यू जर्सीत आहे. १९९९ च्या सुमाराला इथे, ॲर्कान्सात आणि फ्लोरिडात मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावरच्या, लोकांसाठी एक चाचणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला नेहमीसारखी एजन्सीची बाई, दुसऱ्याला मदतीचा भत्ता: हवा तो माणूस तुम्ही ठेवा, घरातलाही चालेल. भत्तेवाले जास्त समाधानी निघाले, त्यांच्या गरजाही कमी अडल्या. गंमत म्हणजे घरगुती मदतीवरचा खर्च त्यांचा जास्त झाला. कारण एजन्सीवाल्या गटातल्या बऱ्याच जणांकडे मंजूर झालेली बाई प्रत्यक्षात पोचतच नव्हती! न मिळालेली सेवा स्वस्तच पडते. हे चाचणीशिवाय कुणाला दिसलं असतं? तीच योजना आज इथे पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम म्हणून चालू आहे. सासूबाईंना कधी मेडिकेड मिळालं तर तुम्ही करताय त्या कामाचे पैसे तुम्हाला मिळू शकतात, तेही विचारून ठेवा.

शेवटी, ‘गाईड’ म्हणजे नर्सिंग होमचा खर्च नव्हे. कायमची राखण करायला मेडिकेअर पैसे देत नाही, आधीही देत नव्हतं. त्यासाठी मेडिकेड किंवा स्वतःचा खिसा. कागदपत्रांसाठी वकिलाशी बोलायचं असेल तर आत्ता बोला, सासूबाई सही करण्याच्या स्थितीत आहेत तोवर.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना अल्झायमर आहे. मुलगा टेक्सासला असतो, नागरिक झालाय. तो म्हणतो इकडे या, अमेरिकेत सरकार बघतं. यावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: व्हिजिटर व्हिसावर आलात तर सरकार काहीही बघत नाही, आणि प्रवासी विमा जुना आजार बहुधा धरत नाही. ग्रीन कार्ड झालं तरी इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. इथे नोकरीच केलेली नसेल तर २०२५ च्या दराने पार्ट एचे महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बीचे १८५, तेही प्रत्येकाचे. ‘गाईड’ला दोन्ही लागतात.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये ज्येष्ठांच्या सेवांसाठी ‘सेज’ योजना आणली. पण ती नव्या कंपन्यांना १ कोटीपर्यंतचं भांडवल देणारी आहे. तुमच्या घरात त्यातून थेट काही येणार नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथे जवळपासच्या सोयींची चौकशी करा. आणि मुलाला म्हणावं, दोघांचे मिळून हे महिन्याचे १,४०६ डॉलर झाले. तेवढ्यात डोंबिवलीत दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका ठेवता येतात का, ते आधी ब्युरोत विचारू.

तरी जायचंच ठरलं, तर तिकीट काढण्याआधी मिस्टरांना दोन रात्री ठाण्याला, पुण्याला, कुठल्याही नातेवाइकांकडे मुक्कामाला नेऊन बघा. रात्री बाथरूम सापडते का, घरी चला म्हणून किती वेळा उठतात, ते मुलाला फोनवर सांगा आणि मग दोघं मिळून ठरवा.