खिडकीपलीकडून: फी भरली, पण विषय कुठं नोंदले?

पाऊस सुरू झाला आणि बारावीचे निकाल लागून गेले की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी पेन्शन, सातबारा, गॅसची सबसिडी असलं विचारतात, पण या दोन महिन्यांत नुसतं कॉलेज आणि कॉलेज. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळं संपादकांनी गठ्ठाच्या गठ्ठा माझ्याकडं ढकलला. मला वाटतंय तसं उत्तर देतोय, शंका राहिली तर परत विचारा, लाजू नका.

प्रश्न (कोरेगाव): काका, माझं साताऱ्यात बीए पहिल्या वर्षाला ॲडमिशन झालं, फी भरली, पावती पण आहे. आता ग्रुपवर मेसेज आलाय की शनिवारपर्यंत कोर्स रजिस्ट्रेशन करा, नाहीतर कॉलेज देईल ते विषय घ्यावे लागतील. ॲडमिशनच्या फॉर्मवर मी विषय लिहिलेच होते की, मग परत कशाला? आणि त्यात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी असलं काय काय आहे, मला काहीच कळंना. पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय आणि दुसऱ्या वर्षी त्यातलाच एक मेजर, एक मायनर असं मॅडम म्हणाल्या.

उत्तर: बाळा, पहिली गोष्ट म्हणजे ती पावती जपून ठेव, पण पावतीवर विसंबू नकोस. फी भरली म्हणजे तुझं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर आलं, एवढंच. कुठल्या विषयाच्या वर्गात बसणार हे वेगळं नोंदवायचं असतं, आणि सेमिस्टरच्या मध्यावर परीक्षेचा फॉर्म येतो तो अजून वेगळा, त्याची फी वेगळी आणि त्याची लेट फी तर त्याहून वेगळी. आमच्या वेळी हे सगळं एकाच कागदावर कार्बन घालून व्हायचं म्हणून तुझ्या घरच्यांना पण वाटतंय की एकदा झालं ते झालं. आता तीन ठिकाणी तीन नोंदी होतात आणि तिन्ही जुळल्या तरच हॉलतिकिटावर बरोबर पेपर छापून येतात. ॲडमिशनच्या फॉर्मवर तू जे लिहिलंस ती नुसती पसंती होती. जागा किती, वर्ग कुठं, मास्तर कोण हे ठरल्यावर जी होते ती खरी नोंदणी.

आता ती अक्षरं. मेजर म्हणजे ज्या विषयात तुझी पदवी लिहिली जाणार तो. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा मुद्दाम दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो, म्हणजे तू आर्ट्सची तर कॉमर्स नाहीतर सायन्सवाल्यांकडचा. व्हीएससी आणि एसईसी ही हाताला काम शिकवणारी, एईसी म्हणजे भाषा. व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असलं येतं, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा, ते फक्त २ क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन, त्याचा हिशोब पुढं सांगतो). सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक वगैरे. यादी बघून डोकं गरगरतं पण खरं सांगू का, यातलं निम्म्याच्या वर कॉलेजनं आधीच ठरवलेलं असतं, तुला तिथं फक्त टिक करायचंय. तुझ्या हातात उरतात ते तीन मुख्य विषय, ओई आणि सीसी. तेवढ्यावर डोकं लाव.

त्यातही तीन मुख्य विषयांवर जास्त. कारण मॅडम म्हणाल्या ते बरोबर असेल तर तू आज जे तीन घेशील त्याच्या बाहेर पुढच्या वर्षी तुला जाता येणार नाही, एक मेजर होईल, एक मायनर आणि तिसरा सुटेल. म्हणजे तिसरा विषय सोपा म्हणून घेतलास तर चालतंय, पण पहिले दोन असे घे की त्यातल्या कुठल्याही एकात एमए करायला लागलं तरी तुला रडू येणार नाही. स्पर्धा परीक्षा करणारी पोरं इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असं त्रिकूट घेतात त्यात अर्थ आहे. मैत्रिणीनं भूगोल घेतला म्हणून भूगोल, यात अर्थ नाही, आणि भूगोलाला प्रॅक्टिकल असतंय हे नंतर कळतं.

क्रेडिटचा हिशोब पण एकदा समजून घे. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं, म्हणजे २ क्रेडिटचा थिअरी पेपर आठवड्याला २ तास, आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर आठवड्याला ४ तास. सेमिस्टरला एकूण २० ते २२ क्रेडिट व्हायला पाहिजेत. तीन वर्षांत १२० ते १३२. लिंकवर सगळे विषय टिक केल्यावर खाली बेरीज बघ, १८ दिसली तर काहीतरी राहिलंय, आणि २४ दिसली तर एखादा दोनदा पडलाय.

आणखी एक, तू साताऱ्यात आहेस म्हणून. साताऱ्यात आता दोन विद्यापीठांचा कारभार चालतो हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं मिळून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. बाकी जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं १९६२ साली झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळं शेजारच्या ताईनं सांगितलेली लिंक, तारीख, फी तुला लागू असेलच असं नाही. आपलं कॉलेज कुठल्या विद्यापीठात मोडतं ते आधी विचार आणि मग युट्युबवरचे व्हिडिओ बघ.

शनिवारची वाट बघू नकोस. शुक्रवारी रात्री साइट हमखास बसते. नोंदणी झाली की विषयांची नावं आणि कोर्स कोड असलेला कागद प्रिंट काढून घे, स्क्रीनशॉट नको, प्रिंट. सारख्या नावाचे दोन पेपर असतात आणि कोडमध्ये एका आकड्याचा फरक असतो, असल्या घोळात मी पोरांना परीक्षेच्या आदल्या दिवशी रडताना बघितलंय.

प्रश्न (जत): साहेब, मुलगा सांगलीला शिकतो. कॉलेज म्हणतंय एबीसी आयडी दिल्याशिवाय नोंदणी पुढं जाणार नाही. आम्ही काढला तर नाव जुळत नाही म्हणून फॉर्म अडकला. शेतीची कामं टाकून दोन हेलपाटे झाले. हे बँक खातं आहे का, त्यात पैसे भरायचे का?

उत्तर: भाऊ, पैशाची बँक नाही ही. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, मुलानं जे विषय पास केले त्याचे क्रेडिट त्यात जमा होतात, २०२१ पासून आहे हे. आयडी १२ आकडी असतो आणि डिजिलॉकरमधून फुकट निघतो, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. मुलानं त्यात काही भरायचं नसतं, निकाल लागल्यावर विद्यापीठच भरतं.

नाव का जुळत नाही ते सांगतो, कारण ही आपल्याकडची खास भानगड आहे. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं आधी आणि आडनाव शेवटी. त्यात कुणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घातलं, कुणी वडिलांच्या नावापुढं राव लावलं. माणूस बघितला तर लगेच कळतं की एकच आहे, कॉम्प्युटरला कळत नाही. नुसता नावांचा क्रम उलटा असेल तर कॉलेजचं ऑफिस बऱ्याचदा त्यांच्याकडच्या लॉगिनमधून दुरुस्त करू शकतं, तेव्हा आधी तिथं दोन्ही कागद समोर ठेवून विचारा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधार मार्कलिस्टप्रमाणे करून घ्या. उलटं करायला जाऊ नका, बोर्डाची मार्कलिस्ट बदलायची म्हणजे आधारपेक्षा कितीतरी मोठा खटाटोप. आणि जतहून सांगलीला परत येण्याआधी एक फोन करा, कामात अडकलेला क्लार्क फोनवर खेकसला तरी तुमचा दिवस वाचेल.

प्रश्न (तासगाव): सर, मी बीकॉम एफवायला आहे, ओईला मला कॉम्प्युटरचा पेपर पाहिजे होता पण सकाळी साडेदहाला लिंक उघडली तर फुल्ल. आता जो मिळालाय त्याचा तास दुपारी उशिरा आहे आणि आमच्या गावाकडं जाणारी गाडी त्याच्या आधी सुटते. हे अन्यायकारक नाही का? बदलून मिळेल का?

उत्तर: अन्याय म्हण, पण लिंक किती वाजता सुरू झाली होती? दहाला ना? मग अर्धा तास तू कुठं होतास लेका. काही कॉलेजं मार्कांवर देतात, काही पहिला आला त्याला पहिलं, आणि दुसऱ्या पद्धतीत कॉम्प्युटर दहा मिनिटांत जातं कारण सगळ्यांना तेच पाहिजे. लॅबमध्ये मशीन जेवढी तेवढीच पोरं घेणार, त्यात कुणाचं वाकडं नाही.

आता करायचं काय. नोंदणी संपल्यावर बहुतेक ठिकाणी आठवडा-दोन आठवडे विषय बदलायला देतात, त्याची नोटीस लागते आणि ती कुणी वाचत नाही. त्या दिवसांत पोरं ॲडमिशन काढून इंजिनिअरिंगला, डिप्लोमाला जातात आणि जागा सुटतात. लेखी अर्ज दे, त्यावर आवक नंबर पाडून घे, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि अर्जात कॉम्प्युटरची आवड आहे असलं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. एसटीची वेळ लिही, पासची झेरॉक्स जोड. हे कारण खरं आहे आणि ऑफिसला पटतं, कारण खिडकीच्या आतली माणसं पण त्याच गाडीनं घरी जातात. एखादी तुकडी सकाळची असेल तर तिकडं टाकतील.

याउलट पण होतं हे लक्षात ठेव. एखाद्या ओईला पुरेशी पोरंच आली नाहीत तर तो पेपर रद्द करून सगळ्यांना दुसरीकडं ढकलतात. माझ्या धाकट्या मुलीचं असंच झालं होतं, कॉलेजचं नाव घेत नाही. तिनं हौसेनं घेतलेला पेपर बंद झाला, नवा दिला तो तिच्या प्रॅक्टिकलच्याच वेळेला, आणि दोन महिने ती आलटून पालटून एकाला दांडी मारत होती. मी त्या लाइनमध्ये आयुष्य काढलेला माणूस आणि माझ्याच घरात कुणी मला सांगितलं नाही! हजेरीची यादी लागल्यावर कळलं. म्हणून टाइमटेबल लागल्या दिवशी आपले सगळे पेपर त्यावर पेनानं गोल करून बघ, दोन गोल एका चौकोनात आले तर त्याच दिवशी ऑफिस गाठ.

प्रश्न (मिरज): स्वयमवर कोर्स केला तर कॉलेजचा एक विषय कमी होतो म्हणे. खरं का? माझा एक कोर्स पूर्ण बघून झालाय पण.

उत्तर: खरं आहे, स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, पण तू उलट्या टोकानं सुरुवात केलीस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून घेता येतात, पण आपल्या विद्यापीठानं-कॉलेजनं तो कोर्स आधी मान्य केलेला पाहिजे आणि तुझ्या नोंदणीत तो दिसला पाहिजे. नुसते व्हिडिओ बघून क्रेडिट मिळत नाही. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र वेगळी नोंदणी, वेगळी फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. स्वयमवरचा एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा कोर्स असेल तर ४ आठवड्यांचा १ क्रेडिट, ८ चा २, १२ चा ३. त्यात असाइनमेंटला २५ मार्क आणि परीक्षेला ७५, आणि असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० पडले तरच सर्टिफिकेट. तुझ्या कॉलेजात स्वयमचं काम बघणारे एक सर नाहीतर मॅडम असतील, त्यांना गाठ. पुढच्या सेमिस्टरला बसवता येईल, झालेल्या कोर्सचं मात्र बहुधा पुण्यच.

प्रश्न (कराड): पहिल्या सेमचे दोन विषय राहिलेत. आता तिसऱ्या सेमची नोंदणी केली की ते आपोआप त्यात येतात ना?

उत्तर: नाही येत. राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो रिपीटरचा, तारखा पण कधी कधी वेगळ्या. आपोआप काहीही होत नाही.

प्रश्न (वाई): मुलगी पुण्यात शिकत होती, एक वर्ष झालं, तिला घरगुती कारणामुळं आता साताऱ्यात आणायचं आहे. पहिलं वर्ष वाया जाईल का?

उत्तर: ताई, वाया जायचं कारण नाही, पण धावपळ आहे. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं धरले जातात आणि दुसरीकडं नेता येतात. अडचण असते ती विषय जुळण्याची. तिकडच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम इकडच्याशी ताडून बघतात, आणि एखादा पेपर जुळला नाही तर तेवढा इथं करून द्यावा लागतो. तिकडून टीसी, मायग्रेशन, दोन्ही सेमिस्टरची मार्कलिस्ट आणि शिक्का मारलेला सिलॅबस एवढं आणा. सिलॅबस सगळे विसरतात आणि मग एका कागदासाठी परत खंबाटकी ओलांडून जावं लागतं. आणि टीसी काढण्याआधी इकडं दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, तिचा मेजर विषय त्या कॉलेजात शिकवतात का, हे विचारा. टीसी एकदा काढली की तिकडची जागा गेली.

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): कॉलेजच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी नक्की किती वेळ असते?

उत्तर: बोर्डावर अर्धा तास. मी आत होतो तेव्हा आम्ही पाऊण तास घ्यायचो, आता कबूल करायला हरकत नाही. अकराच्या आत जा.