‘सन’चं ‘सनी’ की ‘सोलर’?

प्रश्न : सातवीतल्या मुलीनं ‘सन’चं विशेषण ‘सनी’ लिहिलं. शिकवणीतल्या बाईंनी त्यावर काट मारून ‘सोलर’ लिहिलं. चूक कुणाची?

मुलीची तर नाहीच. दोन्ही विशेषणं ‘सन’चीच आहेत, पण कामं वेगळी. ‘सनी डे’ म्हणजे लख्ख उन्हाचा दिवस, तर ‘सोलर एनर्जी’ म्हणजे सूर्यापासूनची ऊर्जा. ‘सनी एनर्जी’ म्हटलं तर इंग्रज माणूस हसेल. ‘टूथ’चंही तसंच. दात दाखवत हसणं ‘टूथी’, दातांचा दवाखाना मात्र ‘डेंटल’.

ही जोडी जमली कशी? सन, मून, टूथ हे घरगुती शब्द जुन्या इंग्रजीतले. सोलर, लूनर, डेंटल ही विशेषणं पुढे शिकल्यासवरल्या लोकांनी लॅटिनमधून उचलली. आपणही तेच करतो. राहतो ‘गावा’त, पण रुग्णालय ‘ग्रामीण’. तोंडात ‘दात’, पण व्याकरणात त, थ, द ‘दंत्य’. मूळ शब्द घरचा, त्याचं विशेषण संस्कृताचं. मुलीला हे सांगा, पाठांतर निम्मं होईल.

प्रश्न : ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ आहे. मग ते क्रियाविशेषण ना?

‘ली’ झाकून पाहा. ‘क्विकली’त ‘क्विक’ उरतं, ते विशेषण. म्हणून ‘क्विकली’ क्रियाविशेषण. ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’त फ्रेंड आणि कॉस्ट ही नामं उरतात, म्हणून ती विशेषणं. ‘डेली’, ‘वीकली’ मात्र दोन्हीकडे चालतात.

प्रश्न : ‘स्कूल बस’मधलं ‘स्कूल’ बसबद्दल माहिती सांगतं. मग ते विशेषण का नाही?

काम विशेषणाचं, जात नामाची. मुलं लगेच आधी ‘व्हेरी’ लावून बघतात. ‘व्हेरी स्कूल बस’ होत नाही, हे खरं. पण ‘व्हेरी सोलर’ही होत नाही आणि सोलर तर पक्कं विशेषण. तेव्हा दुसरी कसोटी लावा : शब्द एकटा कर्ता होतो का? ‘द स्कूल इज क्लोज्ड’ होतं. ‘द सोलर इज क्लोज्ड’ नाही होत.

याच वाटेवर ‘गोल्ड’ आणि ‘गोल्डन’ भेटतात. सोन्याची अंगठी सहसा ‘गोल्ड रिंग’. ‘गोल्डन अपॉर्च्युनिटी’त मात्र गुंजभरही सोनं नसतं.

प्रश्न : ‘लेस’ म्हणजे ‘शिवाय’. मग ‘प्राइसलेस’ म्हणजे फुकट का नाही?

कारण किंमत करताच येत नाही, असा त्याचा अर्थ. आपलं ‘अनमोल’ तसंच. कवडीमोलाला ‘वर्थलेस’. आजीच्या नथीचं कौतुक करताना या दोघांत गफलत करू नका.

प्रश्न : ‘ब्यूटिफुल’ला शेवटी ‘एल’ किती?

एकच. सुटा ‘फुल’ दोन ‘एल’चा, नामाला चिकटला की एक गळतो. शिवाय ‘ब्यूटी’तल्या ‘वाय’चा ‘आय’ होतो.