कमी बजेटमध्ये पहिली ड्रॉप-बार (खाली वळलेल्या हँडलची) ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवरही चालणारी सायकल, घेताना काय बघावं?

आधी माप, बाकी सगळं नंतर. टायर, गिअर, सीट पुढे बदलता येतात. फ्रेमच चुकीच्या मापाची निघाली तर इलाज नाही. ‘मीडियम’, ‘लार्ज’ यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो. कंपनीच्या जिओमेट्रीच्या (फ्रेमच्या मापांच्या) तक्त्यातले स्टॅक (पेडलच्या अक्षापासून फ्रेमच्या पुढच्या टोकाची उंची) आणि रीच (त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर) हे आकडे ताडून पाहा. ड्रॉप बारची सवय नसेल तर स्टॅक जास्त, रीच कमी अशी फ्रेम घ्या. कमी वाकावं लागतं, पाठ-मान कमी दुखते. शक्य असेल तर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊच नका.

मग फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते विचारा. किमान ४० मिमी, ४५ असेल तर उत्तमच. खडी-मातीवर खरा आराम रुंद टायर आणि बेताची हवा देते, महागडा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) नाही.

गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते बघा. मागच्या चाकावरचा सर्वांत मोठा कॉग (दातेरी चकती) पेडलजवळच्या छोट्या चेनरिंगइतका (पुढच्या दातेरी चकतीइतका) किंवा त्याहून मोठा हवा, म्हणजे कच्च्या चढावर उतरावं लागत नाही. ८-९ स्पीडमध्ये (मागे ८-९ कॉग) काहीच कमीपणा नाही. चेन आणि कॅसेट (मागच्या कॉगचा संच) स्वस्तही पडतात.

ब्रेक डिस्कच घ्या, केबलचे असले तरी चालतील. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) पुरे. हेल्मेट, पंप, जादा ट्यूब यांचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा.

सेकंड-हँड घेणार असाल तर वेल्डजवळ तडा आहे का आणि चेन किती झिजली आहे, हे नक्की तपासा.